पडलेल्या वेशी पुन्हा उभारताना



सोलापुरात नव्याने आलेल्या पाहुण्याची एक गंमत होते. त्याला कुणी सांगते, "बाळीवेशीत उतरा." कुणी म्हणते, "तुळजापूर वेशीपासून सरळ चालत या." पाहुणा उतरतो आणि वेस शोधू लागतो. दिसतात ती दुकाने, हातगाड्या आणि माणसांची वर्दळ. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, पाणीवेस ही नावे आपण रोज घेतो. परंतु ज्या दारांवरून ती पडली, ती दारे केव्हाच गेली. दारे गेली आणि नावे राहिली.

मराठी बायबल वाचताना मला या वेशींची आठवण होते. यरुशलेम शहराच्या तटाला जे दरवाजे होते, त्यांना मराठी भाषांतरकारांनी आपला साधा, गावाकडचा शब्द दिला आहे, तो म्हणजे वेस. तेथे मेंढेवेस आहे, उकिरडावेस आहे, आणि आपल्या सोलापुरासारखी पाणीवेसही आहे. माझ्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी रोज सकाळी चहापूर्वी एक अध्याय वाचण्याची रीत आहे. वाचन झाले की घरातला कोणी तरी त्यावर दोन शब्द बोलतो. मी त्यांच्याकडे काही दिवस मुक्कामाला होतो, तेव्हा नहेम्याचे पुस्तक चालू होते. लहानसेच पुस्तक, तेरा अध्यायांचे. रोज एक म्हटले तर तेरा सकाळींत संपते. परागंदा झालेला समाज परत येऊन आपले गाव आणि आपली श्रद्धा पुन्हा कशी उभारतो, याची ती हकिकत आहे. ती ऐकताना मला आपला जिल्हा दिसू लागला. आज तेच आपल्यापुढे मांडणार आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो. इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम घेतले. मंदिर जाळले, तट पाडला आणि प्रतिष्ठित माणसे, कारागीर, लढवय्ये यांना कैद करून शेकडो कोस दूर बाबेलला नेले. सगळेच गेले असे नाही. काही गोरगरीब शेतकऱ्यांना द्राक्षमळे आणि शेते करण्यासाठी मागे ठेवले होते. म्हणजे एका समाजाचे दोन तुकडे झाले. एक परदेशात, दुसरा मोडक्या गावात.

पुढे इराणचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि 538 च्या सुमारास या लोकांना परत जाण्याची मोकळीक दिली. मंदिर पुन्हा पुरे व्हायला 516 किंवा 515 साल उजाडले. तट मात्र तसाच पडून होता. तो उभारण्यासाठी नहेम्या आला तो 445 च्या सुमारास. म्हणजे शहर पडल्याला तोवर सुमारे एकशे चाळीस वर्षे झाली होती. आजोबांनी सोडलेल्या गावात नातू आला असेही म्हणता येत नाही; खापरपणजोबांच्या गावात परका होऊन आला असेच म्हटले पाहिजे.

या परतलेल्या लोकांचे एक चित्र एज्राच्या पुस्तकात आहे. नव्या मंदिराचा पाया घातला गेला. तरुण मंडळी आनंदाने ओरडू लागली. परंतु ज्या म्हाताऱ्यांनी लहानपणी जुने मंदिर पाहिले होते, ते मोठमोठ्याने रडू लागले. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले की रडणे कोणते आणि जल्लोष कोणता हे दुरून ऐकणाऱ्याला कळेना.

हे चित्र आपल्या जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. भीमेवरचे उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. करमाळा, इंदापूर, कर्जत या बाजूची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. माणसे उठून नव्या गावठाणांत गेली. आज त्या पाण्यावर ऊस उभा आहे, आणि आपल्या सोलापूर शहराच्या नळालाही त्याच धरणाचे पाणी येते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ वर येते आणि माणसे ते पाहायला लोटतात. करमाळ्याकडचा माझा एक विद्यार्थी अशाच एका उन्हाळ्यात आपल्या आजोबांना घेऊन पाण्याच्या काठी गेला होता. तो मला म्हणाला, "सर, मी फोटो काढत होतो. आजोबा मात्र जोत्याच्या एका दगडावर बसून राहिले. म्हणाले, इथं आपली चूल होती. मग मला काय बोलावं सुचेना." नातवाला गंमत आणि आजोबाला रडू, एकाच दगडापाशी. एज्राने लिहिले ते हेच नव्हे का?

म्हणून परागंदा झालेल्या समाजाच्या उभारणीत पहिली गोष्ट ही की, रडणाऱ्याला रडू द्यावे. "आता झाले गेले विसरा, नवे गाव छान आहे" असे आपण चटकन म्हणतो. नहेम्याने तसे केले नाही. तो इराणच्या राजाचा प्यालेबरदार होता. शूशनच्या राजवाड्यात चांगल्या हुद्द्यावर होता. यरुशलेमहून आलेल्या माणसांना त्याने तिकडची खुशाली विचारली. तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, लोक हलाखीत आहेत, असे त्याला कळले. तेव्हा तो खाली बसला आणि रडला. त्याने उपास केला, प्रार्थना केली. ती प्रार्थनाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. "त्यांनी पाप केले" असे तो म्हणत नाही. "आम्ही केले, मी आणि माझ्या घराण्याने केले" असे म्हणतो. दुरून आलेला सुधारक आणि आपला माणूस यांतला फरक येथेच दिसतो. ही प्रार्थना सुमारे चार महिने चालली. मगच त्याने राजापाशी तोंड उघडले, आणि ते उघडले तेव्हा नेमके मागितले: जायला रजा, वाटेतल्या सुभेदारांना पत्रे आणि वेशींच्या तुळयांसाठी सरकारी रानातले लाकूड. प्रार्थना करणारा माणूस हिशेबात कच्चा असतो असे मानण्याचे कारण नाही.

यरुशलेमला पोहोचल्यावर त्याने सभा घेतली नाही. तीन दिवस थांबला. मग रात्री उठला, चार माणसे बरोबर घेतली आणि एका जनावरावर बसून पडलेल्या तटाभोवती हिंडला. एके ठिकाणी ढिगारा इतका होता की जनावराला पुढे पाय टाकता येईना. आपण काय करणार आहोत हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. आधी डोळ्यांनी पाहिले, आणि मग गावाला म्हणाला, चला, बांधू या.

आता त्या पुस्तकाचा तिसरा अध्याय. वाचणारा बहुधा हा अध्याय उलटून पुढे जातो, कारण त्यात नुसती नावे आहेत. अमक्याने एवढा भाग बांधला, त्याच्या शेजारी तमक्याने तेवढा. मलाही पहिल्यांदा कंटाळा आला होता. परंतु माझ्या सहकाऱ्याच्या आई त्या सकाळी म्हणाल्या, "सावकाश वाचा. ही गावकीची वही आहे. यात कुणाचं नाव गाळायचं नसतं." तेव्हापासून हा अध्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्या वहीत कोण कोण आहे पाहा. मुख्य याजक आपल्या भाऊबंदांना घेऊन मेंढेवेस बांधतो आहे. सोनार आहे. अत्तरे बनविणारा आहे. व्यापारी आहेत. शल्लूम नावाचा एक अंमलदार आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली बांधकामाला आल्या आहेत. उकिरडावेस, जिथून गावाची घाण बाहेर जायची, ती कुणी बांधली? एका भागाच्या अधिकाऱ्याने. आणि एक नोंद अशीही आहे की, तकोवा गावची साधी माणसे राबली, पण त्यांच्या सरदारांनी मानेवर जू घेतले नाही. वहीत तेही टिपून ठेवले आहे.

आणि या यादीत पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट कोणती, तर ज्याने त्याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला. नहेम्याला माणसाचा स्वभाव ठाऊक असला पाहिजे. सगळा तट बांधा म्हटले तर माणूस घाबरतो. आपल्या दारासमोरचा बांध म्हटले तर फावडे उचलतो. आणि दारासमोरचे काम कुणी हयगयीने करीत नाही. परंतु ज्यांची घरे तटाजवळ नव्हती, किंवा जे बाहेरगावचे होते, त्यांनीही भाग वाटून घेतले. आपल्याकडे एकाच्या रानात सगळ्यांची अवजारे नेऊन इर्जिक घालतात, तसे हे झाले. बावन्न दिवसांत तट पुरा झाला.

बावन्न दिवस सुखाचे गेले असे मात्र नाही. शेजारचे सत्ताधारी सनबल्लट आणि तोबीया यांनी आधी टिंगल केली. एक कोल्हा चढला तरी ही भिंत ढासळेल, अशी त्यांची थट्टा होती. मग हल्ल्याच्या धमक्या आल्या. लोकांनी एका हाताने काम केले आणि दुसऱ्या हातात हत्यार धरले. ही गोष्ट प्रवचनांतून फार सांगितली जाते. मला मात्र वाटते की खरे संकट बाहेरून आलेच नाही. ते पाचव्या अध्यायात आतून आले.

काम जोरात चालू असताना गरीब माणसे आणि त्यांच्या बायका गाऱ्हाणे घेऊन आल्या. दुष्काळ पडलेला. धान्यासाठी शेते, मळे, घरे गहाण पडली होती. राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढावे लागले होते. कित्येकांची मुले आणि मुली दास्यात गेल्या होत्या. आणि हे सावकार कोण? परके नव्हेत, शेजारी बसून तट बांधणारे त्यांचेच भाऊबंद. बाबेलच्या कैदेतून सुटून आलेली माणसे आपल्याच गावात आपल्याच माणसाची कैदी झाली होती.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला ही कथा परकी नाही. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. त्यामागे हीच वेदना होती. नहेम्यापुढे हे गाऱ्हाणे आले तेव्हा त्याला भयंकर राग आला. पण तो लगेच बोलला नाही. मनाशी विचार केला असे पुस्तकात म्हटले आहे. मग त्याने सभा बोलावली आणि आधी आपले माप पदरात घेतले. मी आणि माझे भाऊही लोकांना पैसा आणि धान्य उसने देत आहोत, असे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले. व्याज सोडून द्या, शेते परत करा, आजच्या आज करा, असे सांगितले आणि सावकारांकडून शपथ घेवविली. बारा वर्षे तो सुभेदार होता. त्या हुद्द्याचा भत्ता त्याने घेतला नाही, कारण लोकांवर ओझे आधीच जड होते.

मंडळी, नव्या गावठाणात देऊळ बांधायला, मशीद बांधायला, चर्च बांधायला वर्गणी गोळा होते. ते योग्यच आहे. पण त्या वर्गणीच्या यादीत पहिले नाव ज्याचे आहे, त्याच्याकडेच यादीतल्या शेवटच्या माणसाची जमीन गहाण असेल, तर त्या देवळाचा कळस कितीही उंच गेला तरी गाव उभे राहिले असे म्हणता येईल का? नहेम्याने भिंतीचे काम बाजूला ठेवून आधी हा प्रश्न सोडविला. श्रद्धा आणि व्यवहार यांची खाती त्याने वेगळी ठेवली नाहीत.

तट पुरा झाला. दारे बसली. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. शहर ऐसपैस, पण आत माणसे थोडी, आणि घरे बांधलेली नाहीत. भिंत झाली, गाव झाले नव्हते. पुढे चिठ्ठ्या टाकून दहांतल्या एका कुटुंबाने शहरात राहायला यावे असे ठरले, आणि जे आपण होऊन आले त्यांना लोकांनी दुवा दिला. परंतु त्याच्या आधी एक घटना घडली, आणि शिक्षक बंधुभगिनींनी ती विशेष लक्ष देऊन ऐकावी अशी माझी विनंती आहे.

सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळे लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले. मंदिरात नव्हे, चौकात. पुरुष आले, बायका आल्या, समजण्याजोगी मुले आली. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्राचे वाचन झाले. परंतु नुसते वाचन झाले नाही. लेवी लोकांमध्ये हिंडत होते आणि वाचलेल्याचा अर्थ फोड करून सांगत होते. पिढ्यान् पिढ्या परमुलखात गेल्याने जुनी इब्री भाषा अनेकांना नीट कळत नसावी, असे पुष्कळ अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणून मंचावरच्या शास्त्र्याइतकेच महत्त्व गर्दीत हिंडणाऱ्या या शिक्षकांना आहे. अर्थ कळला तेव्हा लोक रडू लागले. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, आज रडू नका. घरी जा, गोडधोड खा, आणि ज्याच्या घरी काही शिजले नसेल त्याला वाढून पाठवा.

आता आपण सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसू या. दौंड मागे पडले की पुण्याच्या अलीकडे केडगाव लागते. या केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले. रमाबाईंचे बालपणच वनवासात गेले. जन्म 1858 चा, सह्याद्रीच्या रानातल्या आश्रमात. पुढे आईवडिलांबरोबर तीर्थे हिंडत पायपीट. दुष्काळात आईवडील गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपल्या समाजाची दारे त्यांना बंद झाली. तिकडे धर्मगुरूंच्या प्रत्येक आज्ञेपुढे मान तुकवायलाही त्या तयार नव्हत्या. म्हणजे त्या दोन्ही कुंपणांच्या बाहेर.

1896 आणि 97 सालच्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ, उपाशी मुलींना घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कुणाचे घर उरले नव्हते, कुणाला घरच्यांनी टाकले होते. त्यांच्यासाठी रमाबाईंनी विहिरी खणविल्या, शेती केली, माग चालविले, शाळा घातली, छापखाना सुरू केला. शल्लूमच्या मुली तटावर दगड वाहत होत्या. केडगावच्या मुली खिळे जुळवीत होत्या.

आणि त्या छापखान्यात काय छापले जात होते? बायबलचे जे मराठी भाषांतर होते ते साध्या, न शिकलेल्या बाईला कळत नाही, असे रमाबाईंना वाटले. संस्कृतची ही मोठी पंडिता उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकली, आणि सोप्या मराठीत सबंध बायबल तिने स्वतः उतरविले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. सबंध भाषांतर 1924 साली बाहेर आले. त्यात अर्थातच नहेम्याचे पुस्तकही आहे. ज्यांची स्वतःची घरे पडली होती अशा मुलींनी पडलेल्या गावाच्या उभारणीची कथा आपल्या हातांनी छापली. पाणीवेशीच्या चौकात लेव्यांनी जे केले, तेच हे केडगावचे काम होते. ग्रंथ कपाटात पवित्र राहावा यापेक्षा तो चुलीपाशी बसलेल्या बाईला कळावा, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. खेड्यातला जो शिक्षक पुनर्वसनाचा कागद वाचून त्याचा अर्थ म्हातारीला सांगतो, तोही त्या लेव्यांच्या रांगेतला आहे.

येथे थांबलो असतो तर भाषण गोड झाले असते. परंतु सकाळच्या वाचनाचा नियम असा की, आवडेल तेवढेच वाचायचे नाही. तेरावा अध्याय वाचलाच पाहिजे, आणि तो कठीण आहे.

काही वर्षांनी नहेम्याला दिसले की, पुष्कळांनी परक्या कुळांतल्या बायका केल्या आहेत आणि त्यांची निम्मी मुले आश्दोदी भाषा बोलतात. यहुदी भाषा त्यांना येत नाही. तो इतका संतापला की त्याने काही जणांना मारले, केस उपटले. एज्राच्या पुस्तकाच्या शेवटी तर याहून कठोर हकिकत आहे. तेथे अशा बायकांना मुलांसह घालवून देण्याचे ठरले. हा समाज लहान होता, पुसून जाण्याच्या भीतीने घेरलेला होता, हे आपण समजू शकतो. पण समजणे निराळे आणि बरोबर म्हणणे निराळे. जे स्वतः हाकलले गेले होते, त्यांनी परत येऊन दुसऱ्यांना हाकलले.

मी सोलापूरचा माणूस. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. माझ्या वर्गात बसणारा मुलगा घरी आईशी तेलुगू बोलतो, गल्लीत कन्नड किंवा उर्दू, आणि परीक्षेचा पेपर मराठीत लिहितो. नहेम्याने त्याचे केस उपटले असते. मला मात्र त्या मुलाच्या चार भाषांमुळे हे शहर मोडेल असे कधी वाटले नाही.

बायबलमध्येही या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. रूथ नावाचे चार अध्यायांचे पुस्तक वाचा. रूथ मवाबी, म्हणजे परकीच. सासूबरोबर ती बेथलेहेमला आली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून तिने सासूला जगविले. पुढे ती दावीद राजाची पणजी झाली, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या वंशावळीत तिचे नाव आहे. नहेम्या आणि रूथ ही दोन्ही पुस्तके एकाच ग्रंथात बांधलेली आहेत. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावीत.

आपल्या मराठीतही असेच एक घर आहे. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. घर मोडले. ताटातुटीच्या त्या वर्षांतला काही काळ लक्ष्मीबाईंनी आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात काढला. एज्राच्या न्यायाने हा संसार संपलाच होता. दोन्ही समाजांना तसेच वाटत होते. पण त्या परत पतीकडे गेल्या, धर्म न बदलता. काही दिवस त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी बळजबरी केली नाही. पुढे एके रात्री लक्ष्मीबाईंना आपल्याच विचाराने उमगले की जातिभेद माणसाने केलेला आहे, आणि त्यांनी तो सोडला. 1900 साली त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे हसतखेळत लिहिले आहे. टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी. वाळीत पडलेल्या माणसाने उभारलेल्या घराला त्याने दार मोठे ठेवले.

श्रोतेहो, आपल्या जुन्या गावांना गावकूस होते, वेस होती. आणि वेशीबाहेरही माणसे राहत होती, हे आपल्याला ठाऊक आहे. धरणाने, भूकंपाने, दुष्काळाने गाव उठते, तेव्हा एक फार मोठी हानी होते. पण नवे गावठाण आखताना मोजणीची साखळी कुणाची जात विचारीत नाही. जुन्या गावातली आळी जिथल्या तिथे, तशीच्या तशी पुन्हा मांडायची, की शेजार नवा करायचा, हे गावालाच ठरवायचे असते. आठवण ठेवावी ती चुलीची ठेवावी, जोत्याच्या दगडाची ठेवावी. वेशीबाहेरच्या त्या रेघेची आठवण ठेवून ती पुन्हा ओढण्याचे कारण नाही.

आपल्यापैकी जे ख्रिस्ती आहेत त्यांच्या घरी हे पुस्तक असेलच. जे नाहीत त्यांनीही कुणाकडून मागून आणावे. तेरा सकाळी पुरतील. पहिल्या सकाळी गावासाठी रडणारा माणूस भेटेल, तिसऱ्या सकाळी गावकीची वही, पाचव्या सकाळी गहाण पडलेली शेते, आठव्या सकाळी पाणीवेशीतली शाळा. तेराव्या सकाळी वाचन संपले की लगेच पुस्तक मिटू नका. रूथचा पहिला अध्याय काढा. आणि रोज वाचून झाल्यावर एकदा दार उघडून बाहेर पाहा. आपल्या घरासमोरचा भाग कोणता, आणि त्यातला किती बांधायचा राहिला आहे, ते दिसेल.